डझनभर मित्रांसाठी

टॅब आणि स्पेस यांतला फरक मेक नावाच्या प्रोग्रामला कळतो. आपल्या डोळ्यांना कळत नाही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच कोरे दिसतात. पण मेकफाइलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, असा दंडक आहे. तिथे स्पेस दाबल्या की मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणतो, पुढे ‘स्टॉप’ म्हणतो आणि खरोखरच थांबतो. ओळीच्या सुरुवातीला आठ स्पेस असतील तर ग्नू मेक हा त्याचा अवतार वर विचारतोही, की बाबा रे, आठ स्पेसऐवजी टॅब म्हणायचा होता का तुला? म्हणजे आपल्या मनातलं त्याला कळलेलं असतं. कळूनही तो पुढे सरकत नाही.

तसं मेकचं काम साधं आहे. शेकडो फायलींच्या प्रोग्राममध्ये कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे ते त्याला मेकफाइलमध्ये एकदा लिहून द्यायचं. मग तो फायलींच्या वेळा बघतो आणि जे बदललं असेल तेवढंच पुन्हा बांधतो. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला. निमित्त झाले स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे यॅक हा प्रोग्राम लिहिणारे. ते एकदा शिव्या घालतच फेल्डमन यांच्या खोलीत आले. चूक दुरुस्त करून झाली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. आणि बिनचूक प्रोग्राममधली चूक शोधण्यात बिचाऱ्यांची अख्खी सकाळ गेली होती. फेल्डमन यांच्याही आदल्या संध्याकाळचा काही भाग याच पायी वाया गेला होता. त्या शनिवार-रविवारी मेक जन्माला आला.

आता टॅब. फेल्डमन यांना लेक्स नावाचं तेव्हाचं नवं साधन वापरून बघायचं होतं. पहिल्याच फटक्यात गुंता झाला, म्हणून त्यांनी सोपा मार्ग धरला: नवी ओळ, तिच्या तोंडाशी टॅब, की ती आज्ञा. चाललं, म्हणून राहिलं. काही आठवड्यांत वापरणारे डझनभर लोक झाले, त्यातले बहुतेक मित्र. त्यांच्या चालत्या गाड्याला खीळ घालणं फेल्डमन यांच्या जिवावर आलं. हे सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे आणि एरिक रेमंड यांच्या युनिक्सवरच्या २००३ सालच्या पुस्तकात ते छापून आलं आहे. २००३ सालचाच एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार फेल्डमन यांना मेकसाठी मिळाला. टॅबसकट.

या गोष्टीवर हसतात सगळे. मला मात्र त्या माणसाचा राग येत नाही. पुढे कधीतरी येणाऱ्या लाखो अनोळखी लोकांची सोय व्हावी म्हणून आज जेवताना समोर बसणाऱ्या बारा जणांना दुखवायचं, एवढं घट्ट काळीज किती जणांचं असतं? शिवाय त्या बारांतला एक जॉन्सन यांच्यासारखा शिव्या घालत खोलीत आला असता, ते वेगळंच.

टॅबवर उतारा निघाला तो २०१० साली. ग्नू मेकच्या ३.८२ व्हर्जनमध्ये टॅबऐवजी दुसरं चिन्ह निवडायची सोय आली. चौतीस वर्षांनी का होईना, सुटलो म्हणावं, तर तसंही नाही. त्याच व्हर्जनपासून मेकचा परवाना जीपीएल ३ झाला, आणि त्या परवान्यापासून ॲपल चार हात लांब राहते. म्हणून मॅकसोबत येणारा मेक ३.८१ वरच थांबला, म्हणजे २००६ सालचा. टीममध्ये एकाकडे जरी मॅक असला तरी ती नवी सोय सगळ्यांसाठीच बाद. रोग गेला तरी पथ्य सुटेना, अशातला प्रकार. औषध वकिलांच्या टेबलावर अडकलेलं.

बरं, टॅब निदान नियमात तरी लिहिलेला होता. जे कुठेच लिहिलेलं नसतं त्यावरही लोक संसार थाटतात. मेकला ‘या फोल्डरमधल्या सगळ्या फायली दे’ म्हटलं की तो त्या अक्षरक्रमाने द्यायचा. तसं वचन कुणी दिलेलं नव्हतं, सवय होती इतकंच. ३.८१ सोबतच्या पत्रकात मेकवाल्यांनी सभ्यपणे कळवलं, की काही मेकफाइली या क्रमावर विसंबून आहेत असं दिसतं. वेग वाढवण्यासाठी पुढच्या वेळी आम्ही तो कदाचित काढू. ३.८२ मध्ये काढलाही. पत्रकं कोण वाचतो? ज्यांच्या फायली आजवर ठरावीक क्रमाने जोडल्या जात होत्या त्यांचे बिल्ड एका यंत्रावर चालायला आणि दुसऱ्यावर रुसायला लागले. अखेर २०२० साली, ४.३ मध्ये, क्रम गुपचूप आपल्या जागी परतला. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे: वापरणारे पुरेसे वाढले की तुमच्या प्रोग्रामच्या प्रत्येक दिसत्या वागण्यावर कुणी ना कुणी अवलंबून असतंच, तुम्ही करारात काहीही लिहा. राइट यांनी तो सॉफ्टवेअरपुरता मांडला हा त्यांचा विनय.

ऑटोकॉन्फ या बिल्डच्याच आणखी एका साधनाचीही अशीच तऱ्हा. १९९९ च्या २.१३ नंतर २००१ मध्ये २.५० आलं, ते इतकं बदलून, की जुन्या स्क्रिप्टांना ओळखच पटेना. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने पुढे कित्येक वर्षं २.१३ सोडलं नाही, आणि लिनक्सच्या वितरणांना नव्यासोबत ते जुनंही वेगळ्या पॅकेजात सांभाळत बसावं लागलं. आमच्या ऑफिसातही हेच: एका नव्या मुलाने बिल्डमधली एक ओळ दाखवून विचारलं, ‘सर, हिचा काही उपयोग दिसत नाही, काढू का?’ आम्ही तिघे-चौघे एका सुरात ‘नको’ म्हणालो. का नको, ते एकालाही सांगता येईना. मुलगा हुशार, त्याने त्या ओळीवर ‘काढू नये’ अशी कॉमेंट टाकली. आता ती ओळ कायमची झाली.

या सगळ्यात ज्यांनी खरी पद्धत बसवली ते सीमेक या बिल्डच्या साधनाचे लोक. २००८ च्या २.६ व्हर्जनपासून त्यांनी पॉलिसी आणल्या. वर्तन बदललं की त्याला एक नंबर द्यायचा आणि जुनं-नवं दोन्ही पोटात ठेवायचं. प्रकल्पाने पहिल्याच ओळीत सांगायचं, की मी अमुक व्हर्जनच्या काळचा; मग सीमेक त्याच्याशी त्या काळाप्रमाणे वागतो. पुण्यातल्या वाड्याच्या मालकासारखंच हे. नव्या बिऱ्हाडाला नवं भाडं आणि नवे नियम. जिन्याखालच्या खोलीतल्या आजोबांना मात्र त्यांच्या वडिलांच्या वेळचं भाडं, आणि मागच्या दारच्या नळाचा हक्कही. पावतीपुस्तकं दोन, हिशेब दोन, आणि मालकाने दोन्ही तोंडपाठ ठेवायचे.

काही भाडेकरू खरंच विक्षिप्त. ५४ नंबरची पॉलिसी बघा. पूर्वी कंपायलरचं नाव ‘एमएसव्हीसी’ आहे का, असं अवतरणचिन्हांत घालून विचारलं तरी सीमेक म्हणायचा, थांब, या नावाचं व्हेरिएबलही आहे आपल्याकडे. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर असला की त्याची किंमत असायची १. मग तो कंपायलरच्या नावाची तुलना एकाशी करायचा आणि प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणायचा. २०१४ च्या ३.१ मध्ये हे सुधारलं. पण ज्यांनी स्वतःला त्याआधीचे म्हणवून घेतलं त्यांच्यासाठी जुना घोळ तसाच, मागितल्यासारखा, मिळत राहिला.

या पॉलिसी शंभराच्या कितीतरी पुढे गेल्या. शेवटी मार्च २०२५ मध्ये ४.० आलं आणि ६५ नंबरपर्यंतच्या सगळ्या जुन्या वर्तनांना जागा रिकामी करावी लागली. ‘मी ३.५ च्याही आधीचा’ म्हणणाऱ्या प्रकल्पाला आता थेट एरर. नोटीस जवळजवळ दोन वर्षं आधीपासून वॉर्निंगच्या रूपाने लागलेली होती, पण बिल्डच्या वॉर्निंगा वाचण्याची रीत आपल्या धंद्यात नाही. गंमत अशी, की अडकलेल्यांत पुष्कळांना जुनं काही नकोच होतं. कोणे एके काळी कुठूनतरी उतरवलेली ‘किमान २.८’ ही ओळ तेवढी वर राहिली होती. लेखक दुसऱ्या नोकरीला लागलेला, लायब्ररी चालतेय म्हणून कुणी हात न लावलेला.

त्यांच्यासाठी सीमेकने एक खिडकी ठेवली: ‘सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम’ हा पर्याय बाहेरून ३.५ करून द्यायचा, की प्रकल्पाने काहीही म्हटलं तरी त्याला निदान ३.५ च्या काळचा धरून पुढे जातात. प्रकल्पाने हे आपल्या फाइलीत लिहू नये, अडलेल्याने बाहेरून द्यावं, असं माहितीपत्रकात म्हटलं आहे. अडलेल्यांनी ते दिलं, बिल्ड चालला आणि मंडळी दुसऱ्या कामाला लागली. आता तो पर्याय ठिकठिकाणच्या बिल्ड स्क्रिप्टांत आणि डॉकरफाइलींत जाऊन बसला आहे. उद्या कधी तो काढायचा म्हटलं तर सीमेकवाल्यांना त्यासाठी नवी पॉलिसी काढावी लागेल, तिला नंबर द्यावा लागेल, आणि जुनं वर्तन काही वर्षं तरी चालू ठेवावं लागेल.