सत्तावन्नाव्या वर्षी बोहल्यावर!

“वहिनी, जरा भिंतीजवळ या. मोठ्यानं बोलण्यासारखं नाही.”

“कुणाचं हो काकू?”

“मॉरिसचं. गव्हर्नर मॉरिस. हुद्दा नव्हे हं, नावच तसं. न्यूयॉर्कचा नामांकित वकील. सत्तावन्नाव्या वर्षी बोहल्यावर चढला, तेही घर सांभाळायला ठेवलेल्या बाईशी!”

“अगंबाई! कधी?”

“१८०९ साली.”

“इश्श! मला वाटलं समोरच्या बिल्डिंगमधलं.”

“दोनशे वर्षं झाली म्हणून काय, भानगड ती भानगडच. नाताळच्या जेवणाला सगळे नातेवाईक मॉरिसेनियाच्या वाड्यात जमलेले. आता तिथं ब्राँक्स आहे. भाचे-पुतणे मनात हिशेब करतायत, म्हातारा सडाफटिंग, इस्टेट आपल्याकडंच येणार. आणि यानं तिथंच पाद्री उभा करून नॅन्सी रँडॉल्फशी लग्न लावलं. ती पस्तिशीची.”

“इतकी वर्षं ब्रह्मचारी?”

“ब्रह्मचारी कसला! १७८० मध्ये घोडागाडीच्या अपघातात डावा पाय गेला, गुडघ्याखाली लाकडी पाय लावला. लोक म्हणायचे, कुणाच्या तरी बायकोच्या खिडकीतून उडी मारताना मोडला.”

“खरं का?”

“गाडीचंच खरं. पण लोकांना उडीचं पटलं, आणि ते काही उगाच नाही. पुढं पॅरिसला गेला, तर तिथं आदेलाईद द फ्लाओ. तिला नवरा होता, तालेराँ नावाच्या मुत्सद्द्याशी प्रकरण चालू होतं, त्यात हा तिसरा. आणि हे सगळं स्वतःच्या हातानं रोजनिशीत लिहून ठेवलंय! जॉन जे त्याचा मित्र, सज्जन माणूस, पुढं सरन्यायाधीश झाला. त्यानंसुद्धा पाय गेल्याचं कळल्यावर पत्रात लिहिलं की, दुसरंच काही गेलं असतं तर बरं झालं असतं.”

“काकू!”

“मी नाही, जे म्हणाला. पण माणूस हुशार हो. एकोणिसाव्या वर्षी सनद. १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला राज्यघटनेची परिषद भरली, तिथं सगळ्यांत जास्त वेळा बोलायला हाच उठला. १७३ वेळा!”

“म्हणजे आपल्या सोसायटीच्या मीटिंगमधले दुसऱ्या मजल्यावरचे अण्णाच.”

“अण्णा पार्किंगवर बोलतात, हा गुलामगिरीवर बोलला. दक्षिणेकडच्या जमीनदारांच्या तोंडावर! स्वतः वाढला होता बापाच्या गुलामांनी चालवलेल्या घरात, तरी. ऐकलं कुणी नाही, ती गोष्ट वेगळी. पण शेवटी मसुदा नीटनेटका लिहायचं काम याच्याकडं आलं. आधी सुरुवातीलाच ‘आम्ही लोक’ म्हणून पुढं एकेका राज्याचं नाव होतं. यानं ती यादी काढून टाकली आणि ‘आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक’ असं लिहिलं.”

“आमच्या नातवाच्या पुस्तकात आहे की तसं, ‘आम्ही, भारताचे लोक’. बरं, त्या बाईचं सांगा.”

“ती व्हर्जिनियाच्या बड्या घराण्यातली. अठराची असताना बहिणीकडं राहायला होती. तिला मूल झालं आणि मेव्हण्यानं ते मारून टाकलं, अशी बोंब उठली. १७९३ मध्ये मेव्हणा कोर्टात उभा. वकील कोण? पॅट्रिक हेन्री आणि जॉन मार्शल. तो सुटला, हिच्या नावाला मात्र डाग लागला तो लागलाच. पुढं मेव्हणा मेला, हिला घराबाहेर पडावं लागलं.”

“मॉरिसला ठाऊक होतं?”

“सगळं. लग्नाआधी मार्शललाच पत्र घालून विचारलं. तो तेव्हा सरन्यायाधीश होता. वकील तो वकील! नातेवाइकांना मात्र काही विचारलं नाही. भाचीनं जाब विचारला, तर कळवलं की, जगाला माझ्या बायकोबरोबर नांदायचं असतं तर जगाची पसंती विचारली असती.”

“मोठा ‘आम्ही लोक’ लिहिणारा!”

“१८१३ मध्ये मुलगा झाला आणि भाच्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मेव्हण्याचा भाऊ जॉन रँडॉल्फ, काँग्रेसमधला तोंडाळ माणूस. डेव्हिड ऑग्डेन नावाचा भाचा त्याच्या कानाशी लागला. रँडॉल्फनं लांबलचक पत्र पाठवलं, की ही खुनी आहे, माझ्या भावालाही हिनंच विष घातलं असेल.”

“अरे देवा. मग?”

“मॉरिस ढिम्म हलला नाही. आणि ती? उत्तर लिहून गप्प बसली नाही. प्रती काढून व्हर्जिनियातल्या त्याच्या राजकीय विरोधकांना पाठवल्या!”

“शाब्बास!”

“१८१६ मध्ये मॉरिस गेला. मृत्युपत्रात बायकोला वर्षासन लावून दिलं, आणि वर लिहिलं की तिनं पुन्हा लग्न केलं तर वर्षाला सहाशे डॉलर जास्त द्यावेत. नव्या संसारात खर्च वाढतो म्हणून.”

“जास्त? कमी नाही?”

“जास्त!”

“केलं का मग तिनं?”

“कुठलं! भाच्यानं मामाच्या जिवावर करून ठेवलेली देणी निस्तरत बसली. काटकसर करून पोरासाठी इस्टेट राखली. १८३७ मध्ये गेली. पोरानं तिच्या स्मरणार्थ तिथंच चर्च बांधलं, सेंट अ‍ॅन. अजून आहे.”

“तरी पण काकू, भाच्यांचंही अगदीच चुकलं असं नाही हो. सत्तावन्न वर्षं आशेला लावायचं आणि मग...”

“तुम्ही भाच्यांच्या बाजूनं?”

“बाजू कसली! आमच्या ह्यांचे मामा एकटेच आहेत साताऱ्याला. परवाच घर सांभाळायला बाई ठेवलीय, म्हणून म्हटलं.”