अस्सल बरहुकूम

महसूल खात्याच्या नक्कल शाखेत ज्याच्या आयुष्याचा उत्तम भाग खर्ची पडला, त्या मनुष्याच्या हाती सेवानिवृत्तीनंतर एखादे नक्कल करणारे यंत्र पडू देणे घरच्यांच्या दृष्टीने कितपत हितावह आहे, याचा विचार पुण्यास नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवांनी डीव्हीडी रेकॉर्डर ही वस्तू अंबरनाथला आणून ठेवण्यापूर्वी अवश्य करावयास हवा होता. फेरफार, वारसनोंदी, इनामांच्या सनदा यांच्या नकला उतरवून त्यांखाली ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारताना मला जे समाधान लाभे, ते मूळ दस्तऐवज लिहिणाऱ्यासही लाभले असेल असे वाटत नाही. कारण मूळ लिहिणारा चुकला तर ती चूकच पुढे दस्तऐवज म्हणून मान्यता पावते, आणि नक्कलनवीस चुकला तर त्याची खातेनिहाय चौकशी होते.

दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये मासिक वर्गणीवाचून दिसणारी थेट उपग्रह सेवा सुरू केली, तेव्हापासून आमच्या इमारतीच्या गच्चीवर थाळ्यांची जी दाटी झाली, तीत आमचीही एक थाळी आहे. मार्च २००७ मध्ये दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून आकाशात गेलेला इन्सॅट-४बी हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या माथ्यावर, पृथ्वीच्या फेरीशी आपला वेग जुळवून राहिला होता, त्यामुळे अंबरनाथकरांना तो सदैव आग्नेयेस असे. आणि आग्नेय ही अग्नीची दिशा असल्याने थाळीचे तोंड तिकडे असणे सर्वथा शास्त्रसंमत आहे, असा निर्वाळा तळमजल्यावरील एका वास्तुशास्त्रज्ञ गृहस्थांनी, कोणी विचारले नसताना, दिलेला आहे. त्या थाळीतून सह्याद्री वाहिनीवरील जुनी नाटके उतरवून घ्यावीत, एवढीच माझी आकांक्षा होती.

“एकदा दाखवलं ते पुन्हा दाखवतील की, अहो!” ही सौभाग्यवतींची हरकत मी साधार फेटाळली. बीबीसीसारख्या मातबर संस्थेने ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या १९६० च्या दशकातील कित्येक भागांच्या फिती पुसून टाकल्या. त्या भागांची चित्रे गेली, परंतु ध्वनी मात्र त्यांतील प्रत्येक भागाचा आज उपलब्ध आहे, तो केवळ काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवला होता म्हणून. शिवाय घरी नंतर पाहण्याकरिता कार्यक्रम मुद्रित करणाऱ्यांची बाजू अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली आहे, हेही मी त्यांच्या निदर्शनास आणले. आमच्या घरात मते दोनच असून त्यांतील निर्णायक मत माझे नाही, हे त्यांनी माझ्या निदर्शनास आणले.

यंत्रासोबत आलेली पिवळी वायर थाळीच्या सेट-टॉप बॉक्सच्या पाठीत आणि रेकॉर्डरच्या पाठीत खुपसली की काम झाले, असा सार्वत्रिक समज आहे. नक्कल उतरली खरी. परंतु नायिकेच्या लाल लुगड्याच्या काठावर बारीक ठिपक्यांची एक रांग अखंड सरपटत होती, आणि ज्याने आयुष्यभर खाडाखोडीचा द्वेष केला त्यास हे काठ पाहवेनात. मी उल्हासनगरच्या कॅम्पातील एका दुकानाचा रस्ता धरला. तेथील वयस्क सिंधी दुकानदाराने गिऱ्हाइकांच्या गर्दीत मला स्टुलावर बसवून जे विवेचन केले, तितके प्रासादिक विवेचन मी कोणत्याही प्रशिक्षणवर्गात ऐकले नव्हते. “काका,” ते म्हणाले, “पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकाच डब्यात कोंबलेले असतात. उतरताना धक्काबुक्की होणारच.” मग त्यांनी चार पिनांची एस-व्हिडिओ वायर काढली, जिच्यातून उजेड आणि रंग आपापल्या वाटेने येतात. हिरवी, निळी, लाल अशी तीन वायरींची याहून खानदानी व्यवस्थाही असते. मात्र बहुतेक रेकॉर्डरांना ती बाहेर जाण्यासाठी दिलेली असते, आत येण्यासाठी नव्हे, तेव्हा तिच्यापायी पैसे घालवू नका, असे सांगून त्या सज्जनाने स्वतःचीच विक्री बुडवली.

चार पिनांची वायर आमच्या बदलापूरच्या भाच्याने, जो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मोठ्या आत्मविश्वासाने जोडली आणि पहिला अंक संपूर्ण मूक उतरला. ही वायर केवळ चित्र वाहते. आवाजाची तांबडी-पांढरी जोडी स्वतंत्र लावावी लागते. चित्र निर्मळ आले, हे मात्र कबूल केले पाहिजे.

येथे माझ्या मनात एक कायदेशीर शंका उपस्थित झाली. आकाशातून चित्र येते ते अंकांच्या रूपाने. बॉक्स त्या अंकांच्या लहरी करतो. रेकॉर्डर त्या लहरींचे पुन्हा अंक करून तबकडीवर उतरवतो. म्हणजे ही नकलेवरून केलेली नक्कल झाली, आणि तशी नक्कल आमच्या शाखेत कोणी रुजुवातीस आणली असती तर मी ती फेकून दिली असती. दुसरी अडचण जागेची. ४.७ गिगाबाइटच्या तबकडीवर उत्तम प्रतीचे चित्र एक तास मावते, मध्यम प्रतीचे दोन तास. चार तासांच्या पद्धतीत बहुतेक यंत्रे आडवा तपशील निम्म्यावर आणतात, आणि सहा तासांच्या पद्धतीत नट ओळखण्यासाठी श्रेयनामावलीचा आश्रय घ्यावा लागतो. पावणेतीन तासांच्या नाटकाला म्हणून मी दोन तबकड्या आणि एक मध्यंतर मंजूर केले. शेवटी तबकडी ‘फायनलाइज’ करणे मला विशेष प्रिय. ते केल्यावाचून ती दुसऱ्याच्या यंत्रावर सहसा चालत नाही आणि केल्यावर तीत काही घुसडता येत नाही. ज्या गावच्या शिवालयातील शिलालेख शके ९८२ चा आहे, त्या गावात रंगद्रव्याच्या पातळ थरावर कोरलेल्या अक्षरांच्या चिरंजीवित्वाविषयी फार बोलू नये, हे मला कळते.

परंतु या यंत्राचा खरा स्वभाव जुलै महिन्यात प्रकट झाला. उपग्रहाच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या. मुसळधार पाऊस त्या वाटेतच शोषतो आणि चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. हे तुकडे, ‘सिग्नल नाही’ ही पाटी, कोणी आवाज वाढवला तर पडद्यावर उमटणारी हिरवी पट्टी, सारे काही रेकॉर्डर इमानेइतबारे उतरवतो. मजकूर कोणता आणि शाईचा डाग कोणता, हा विवेक त्यास नाही.

अशाच एका रात्री रहस्यनाटक चालू असता मी छत्री घेऊन गच्चीवर थाळीच्या सेवेस होतो, सौभाग्यवती स्वयंपाकघरात होत्या आणि बदलापूरचे मेहुणे कोचावर होते. दुसऱ्या दिवशी तबकडी लावली. तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर खुन्याचे नाव उच्चारण्यासाठी हात उंचावतो, तोच वाहिनीचा क्रमांक आणि वेळ दर्शविणारी पट्टी झळकते, आणि एक गोलंदाज चेंडू मांडीवर घासत आपल्या खुणेकडे चालू लागतो. अख्खे षटक झाल्यावर नाटक परत येते, तेव्हा सर्व पात्रे, खुनी धरून, प्रेक्षकांस नमस्कार करीत उभी आहेत.

मेहुण्यांनी आरोप साफ नाकारला. पट्टीवरील वेळ ९ वाजून ४० मिनिटे; त्या वेळी रिमोटपाशी अन्य कोणी नव्हते, हे मी साक्षीनिशी सिद्ध केले; तरी ते बधले नाहीत. पुढील आठवड्यात त्यांचा लेखी अर्ज आला. त्या षटकात एक अप्रतिम झेल घेतला गेला होता, तो पुन्हा पाहण्याची इच्छा असल्याने सदर तबकडीतील तेवढ्याच भागाचा उतारा मिळावा, अशी विनंती होती. अर्जातच कबुली आलेली असल्यामुळे मी तो दप्तरी दाखल करून घेणार होतो. परंतु सोबत कोरी तबकडी जोडलेली नाही आणि कोर्ट फीचे तिकीटही लावलेले नाही, म्हणून त्रुटींच्या पूर्ततेसाठी तो बदलापूरला परत पाठविण्यात आला आहे.