फडताळावरचा हवालदार
नाताळाआधी पोरांनी शहाण्यासारखं वागावं, हा अमेरिकेतला जुना प्रश्न २००५ साली निकालात निघाला. कॅरल एबरसोल्ड आणि त्यांची मुलगी चांडा बेल यांनी ‘द एल्फ ऑन द शेल्फ’ हे पुस्तक काढलं, सोबत लाल टोपीवाला बाहुला. दिवसभर तो फडताळावरून मुलांवर नजर ठेवतो, रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन सांताला अहवाल देतो आणि पहाटे नव्याच जागी बसलेला सापडतो. मुलांनी हात लावला की जादू खलास.

ध्रुवापर्यंतची ही रोजची फेरी आईबाप मध्यरात्री, पायजम्यात, स्टुलावर चढून पार पाडतात. बाहुला ‘बर्फात’ खेळला म्हणून ओट्यावर पीठही सांडतात. सकाळी पुसतातही तेच. निरागसता अशी कष्टानेच टिकते.

कॅनडातल्या दोन संशोधकांना २०१४ मध्ये यात पाळतीचं बाळकडू दिसलं. शंकेखोर माणसं! २०२१ मध्ये जॉर्जियातल्या कॉब काउंटीच्या एका न्यायाधीशांनी तर दमलेल्या पालकांवर दया म्हणून या बाहुल्यांना हद्दपार करणारा गमतीचा हुकूमच काढला.

उलट, योजना वाढवायला हवी. आईबाप रात्री वेळेवर उठतात का, हे पाहायला दुसरा बाहुला नेमावा. त्याची जागा बदलण्याचं काम मुलांकडे द्यावं. त्या वेळी ती पांघरुणातून बघतच असतात.