लिंबाचा केक, एक दिवाळी अंक आणि सात रस्ते

सोलापुरात सात रस्त्याला घर असणाऱ्याने केक करावा की नाही, याबद्दल आमच्या घरात दुमत आहे. इथे येणारा प्रत्येक पाहुणा ‘वाटेतच होतं, म्हणून डोकावलो’ म्हणतो, आणि अडचण अशी की ते खरं असतं. म्हणून ही कृती एकट्याने वाचत खायच्या केकची असली, तरी साहित्य चौघांचं धरावं.

आधी वाचायचं ठरवावं, लिंबं मागून आणावीत. हिराचंद नेमचंद वाचनालयाचं पुस्तक शक्यतो नको. लोणी लागलेल्या बोटांचे डाग पुढच्या सभासदाला आपली सगळी हकीकत सांगतात. त्यापेक्षा मेपर्यंत पुरवून ठेवलेला घरचा दिवाळी अंक बरा. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या पानांना फराळाच्या तेलाची सवय आहे. केकचा चुरा त्यांना जड नाही.

आता लिंबू. परदेशी कृतीत ‘एका लिंबाची साल’ असं बिनधास्त लिहिलेलं असतं. ते लिंबू जाड सालीचं. आपलं कागदी लिंबू नावाला जागतं: किसणीवर दोनदा फिरवलं की आतलं पांढरं डोकावतं, आणि ते कडू. तिथेच हात आवरावा. चार लिंबं लागतील. वास सालीतल्या तेलात असतो, रसात नुसता आंबटपणा. म्हणून किसलेली साल पाऊण वाटी पिठीसाखरेत बोटांनी चोळून घ्यावी. मे महिन्यात चार लिंबं म्हणजे चैनच. उन्हाळ्यातलं फळ हस्त बहाराचं, तो बहार धरणं अवघड, आणि नेमकं तेव्हाच सगळ्या गावाला सरबत हवं असतं. २०२२च्या एप्रिलमध्ये तर लिंबांचे भाव बघून दाराला नुसती मिरची बांधून भागेल का, असं मनात येऊन गेलं होतं.

अर्धी वाटी लोणी ‘तासभर बाहेर ठेवून मऊ करा’ ही सूचना सोलापूरकरांनी खोडून टाकावी. इथे पाठ वळवली की ते तूप व्हायला निघतं. लोणी आणि ती साखर फेसावी, पाऊण वाटी दही घालावं. दीड वाटी मैदा, चमचाभर बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा चाळून मिसळावा. दोन चमचे रस अगदी शेवटी. आंबट आणि सोडा भेटले की वायू सुटू लागतो, तो भांड्यात अडकायला हवा, ओट्यावर नव्हे. मिश्रण फार घट्ट वाटलं तर थोडं दूध.

कुकरच्या तळाशी दीड वाटी मीठ पसरावं. पाणी नाही, शिट्टी नाही, रबरी रिंग नाही. दहा मिनिटं तापवून आत भांडं ठेवावं आणि आच मंद करावी.

इथून पुढची पंचेचाळीस मिनिटं हाच या कृतीचा गाभा. ‘झाकण उघडलं तर केक बसतो’ हे घरात मोठ्याने जाहीर करावं. ते खरंही आहे. मात्र शेजारच्या खोलीत बोलल्याने, टीव्ही लावल्याने किंवा मला भाजी आणायला पाठवल्याने केक बसत नाही, हे कुणाला सांगू नये. गॅसजवळ खुर्ची ओढावी, चेहऱ्यावर पहारेकऱ्याचा भाव ठेवावा आणि वाचावं. मी अशा रीतीने एक दीर्घकथा आणि अर्धा परिसंवाद संपवला आहे.

पस्तिसाव्या मिनिटाला वास जिन्यात उतरतो.

“काय करायलाव ओ? वास खालपर्यंत यायलाय की!”

खालच्या काकू शेंगाचटणीची वाटी घेऊन उभ्या असतात. वेळ भरली की सुरी खुपसून बघायचा मान त्यांना द्यावा. सुरी कोरडी निघाली की केक झाला; मग तो निवेपर्यंत थांबायचं असतं, पण त्या थांबत नाहीत. गरम केक मोडतो. तो चहात बुडवून खाल्ला जातो, चटणीबरोबरही. जाताना त्या उरलेला तुकडा नातवासाठी घेतात आणि खुर्चीवरचा अंक उचलतात.

“हे झालं असंल ना वाचून?”

कुकरमधलं मीठ निवलं की वेगळ्या डब्यात भरून ठेवावं. स्वयंपाकात वापरू नये. पुढच्या केकला चालतं.