ओवाळणीच्या ताटात बँकेचा हात

२०२४च्या ऑगस्टात, राखीपौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधी, 'लाडकी बहीण' योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये राज्यातल्या बायकांच्या खात्यांवर पडायला लागले. सरकार म्हणालं, ही भावाची ओवाळणी. मोबाइलवरचा मेसेज दाखवत बायका बँकेत पोचल्या, तेव्हा कित्येकींना खिडकीपलीकडून कळलं की ताटात बँकेनं आधीच हात घातलाय. किमान शिल्लक ठेवली नव्हती, त्याचा दंड थकला होता, तो कापला. कुणाचं जुनं कर्ज होतं, पैसे तिकडे वळते झाले. ओरड एवढी झाली की महिला व बालविकास खात्याला बँकांना बजावावं लागलं, या पैशातून काही कापू नका. भावानं बहिणीला दिलेल्या पैशासाठी भावालाच बँकेच्या विनवण्या करायची पाळी आली.

हे घडलं कसं, ते बघण्यासारखं आहे. पैसे जमा झाले ते आधार जोडलेल्या खात्यात. आता आधार कुठल्या खात्याला जोडलंय हे घरात कुणाच्या लक्षात असतं? कधीतरी शिष्यवृत्तीसाठी, नाहीतर गॅसच्या अनुदानासाठी उघडलेलं ते खातं. पासबुक ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या शालूखाली. बाई खातं विसरली होती, बँक विसरली नव्हती. पासबुक छापायच्या यंत्रात घातलं की ते खर्रखर्र करत सगळा इतिहास ओकतं: किमान शिल्लक दंड, त्याखाली त्या दंडावरचा अठरा टक्के जीएसटी, पुन्हा दंड, पुन्हा जीएसटी. म्हणजे पैसे नसल्याबद्दल बँकेनं दंड घ्यायचा आणि दंड घेण्याची 'सेवा' दिली म्हणून सरकारनं कर घ्यायचा. एका हातानं सरकार ओवाळणी घालतं, दुसऱ्या हातानं तिच्यातलाच वाटा उचलतं.

रिझर्व्ह बँक यावर गप्प होती असं नाही. २० नोव्हेंबर २०१४च्या परिपत्रकात तिनं स्वच्छ सांगितलंय की निव्वळ या दंडापायी बचत खातं उणे होता कामा नये. १ एप्रिल २०१५पासून नियम लागू. आणि बँका तो नियम पाळतात हो! खातं शून्यावर आलं की अनेक ठिकाणी दंड खात्याच्या दाराबाहेर पथारी टाकून बसतो. 'येणे बाकी' म्हणून नोंद, त्यासाठी खात्यावर लीन, म्हणजे बँकेचा आधीचा हक्क. ज्या दिवशी पैसा येईल त्या दिवशी पहिला हात बँकेचा. खातंही उणे झालं नाही, दंडही बुडाला नाही. एवढी कल्पकता कर्जबुडव्यांच्या वसुलीत दाखवली असती तर!

आपलं येणं गिऱ्हाइकाच्या पैशातून परस्पर वळतं करायच्या या हक्काची वंशावळ जुनी आहे. १८७२ साली इंग्लंडात गार्नेट विरुद्ध मॅकेवान हा खटला गाजला. एका गिऱ्हाइकाची एकाच बँकेच्या दोन शाखांत खाती. लेटन बझर्डच्या शाखेत चाळीसेक पौंड उणे, हिचिनच्या शाखेत तेवढेच जमा. बँकेनं न सांगता न विचारता एकातून दुसरं भरून टाकलं आणि हिचिनवर काढलेले त्याचे चेक परत गेले. कोर्ट म्हणालं, बँकेचं काही चुकलं नाही, सूचना देण्याचीही गरज नव्हती. योगायोग असा की त्याच १८७२ साली आपल्याकडे करार कायदा आला. त्याच्या १७१व्या कलमात बँकर, धक्केवाले, हायकोर्टाचे अ‍ॅटर्नी आणि विमा दलाल अशा सगळ्यांना एका पंगतीत बसवून गिऱ्हाइकाचा माल अडवून धरायचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयानं १९९२मध्ये सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात तो मुदत ठेवीच्या पावत्यांपर्यंत आणला.

कर्ज घेतलं तर फेडायला हवं, त्याबद्दल वाद नाही. थकबाकीदार मुदत ठेवीवर बसून मिशीला पीळ देत असेल तर बँकेनं ठेव वळती जरूर करावी. माझी तक्रार बँकेच्या स्मरणशक्तीबद्दल आहे. ती सोयीनं येते-जाते.

एखाद्या निवृत्त मास्तरांची पाच लाखांची ठेव बँकेत आहे आणि बचत खात्यात आठशे रुपये उरलेत. दंड लागतो. मास्तर म्हणतात, अहो, माझे पाच लाख तुमच्याकडेच आहेत की! उत्तर येतं, ते वेगळं खातं, सर. त्याच मास्तरांनी भाच्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहून पाहावं आणि भाच्यानं हप्ते थकवावेत. मग बचत, ठेव, पेन्शन जमा होतं ते खातं, तिन्हींवरचं नाव एकच आहे हे बँकेला लख्ख आठवतं. व्याजावर टीडीएस कापायचा असला की सगळ्या शाखांतल्या ठेवींची बेरीज क्षणात होते. बँक बुडाली तर ठेव विम्याचे पाच लाखही माणशी, खात्यागणिक नव्हे. त्यातूनही आधी बँकेचं येणं वजा करता येतं. अडचणीत आलेल्या पीएमसी बँकेच्या दारात रांगा लावलेल्यांना हे गणित पाठ आहे. तेव्हा, सप्टेंबर २०१९मध्ये, विम्याची मर्यादा एक लाखच होती.

ब्रिटनमध्ये हाच खेळ परवानगीशिवायच्या ओव्हरड्राफ्टवर चालायचा. खातं उणे झालं की दंड, आणि बचत खात्यात काही असेल तर तेही उचललं. तिथल्या नियामकानं निदान एवढं सांगितलं की वळतं करताना माणसाच्या घरखर्चापुरते पैसे सोडा. एप्रिल २०२०पासून अशा ओव्हरड्राफ्टला अधिकृत ओव्हरड्राफ्टपेक्षा चढा दर लावायलाही मनाई झाली. बँकांनी आज्ञा शिरसावंद्य मानली आणि बड्या बड्या बँकांनी दोन्हींचा दर ३९.९ टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवला. समता आली!

आपल्याकडे स्टेट बँकेनं २०१७च्या एप्रिल ते नोव्हेंबरात किमान शिल्लक दंडाचे १,७७१ कोटी रुपये गोळा केले होते. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीचा तिचा नफासुद्धा त्याहून कमी होता. २०२०मध्ये तिनं हा दंड बंद केला, २०२५मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी. त्याच वर्षीच्या ऑगस्टात आयसीआयसीआय बँकेनं महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान शिल्लक पन्नास हजार केली आणि बोंब झाल्यावर चार-दोन दिवसांत पंधरा हजारांवर आणली. अर्थात दंड बंद झाला तरी वळतं करायचा हक्क शाबूत आहे. खातं उघडताना आपण जिथं जिथं पेन्सिलीची फुली असते तिथं तिथं सही करतो ना, त्यातल्याच एका सहीखाली तो लिहिलेला असतो.

इंग्लंडात कर्जात अडकलेल्यांना सल्लागार पहिली गोष्ट सांगतात: जिथं देणं नाही अशा बँकेत नवीन खातं उघडा आणि पगार तिकडे न्या. आपल्याकडेही हे चालेल. फक्त गृहकर्ज मंजूर करताना साहेब खुर्ची पुढं ओढून म्हणतात, "पगाराचं खातं आमच्याकडे आणा, व्याजात थोडं बघतो."