हरतील ना हो आज?

आमचे जावई आयआयटीचे. लग्न जमवताना आम्ही डोंबिवलीत एवढंच सांगत होतो. ही आयआयटी पवईची नव्हे, शिकागोची, म्हणजे इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, हे ज्यांनी खोदून खोदून विचारलं त्यांनाच कळलं. त्या कॉलेजपासून एक हमरस्ता ओलांडला की शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचं मैदान लागतं. शिकत असताना खिशात पैसे नसायचे आणि तिकीट स्वस्त मिळायचं, म्हणून जावईबापू तिथे जाऊन बसू लागले. आता चांगली नोकरी आहे, नेपरव्हिलला घर आहे, पण ते खूळ काही गेलं नाही. उलट नातवाला वारशात मिळालं.

२०२४ साली आम्ही दोघं सहा महिने त्यांच्याकडे होतो. एप्रिल ते सप्टेंबर. बेसबॉलचा मोसमही जवळपास तेवढाच. म्हणजे अमेरिकेच्या सरकारने मोठ्या मनाने जेवढं राहू दिलं, तेवढं सगळं आम्ही हरण्यात घालवलं.

बेसबॉलमध्ये एकेका संघाला १६२ सामने खेळावे लागतात. नातवाने हे सांगितलं तेव्हा ह्यांना वाटलं, पोराचं गणित कच्चं आहे. पण खरंच १६२. रोज संध्याकाळी सामना, कधी एका दिवसात दोन. सामना हा तिथे सण नव्हे, रोजचा स्वयंपाक. आज बिघडला तर उद्या पुन्हा पदर खोचायचा. त्यामुळे हरण्याची कुणाला लाजही वाटत नाही. त्या वर्षीचे जगज्जेते डॉजर्ससुद्धा ६४ वेळा हरले होते. आपल्याकडे एखादा संघ ६४ वेळा हरला असता तर कर्णधाराच्या घरावर बंदोबस्त लागला असता.

सॉक्सनी मात्र सुरुवातच अशी केली की बघणाऱ्याने हात टेकावेत. पहिल्या २५ सामन्यांत तीन विजय! ह्यांनी पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला, "ह्याला काय खेळ म्हणायचं? बॅट गोल, पॅव्हेलियन नाही, चहाची वेळ नाही." पण उठून कुठे जाणार? बाहेर गारठा आणि आतला एकच टीव्ही जावयांच्या ताब्यात. शिवाय त्याच वेळी आयपीएलही चालू होती, आणि हे कट्टर मुंबई इंडियन्सवाले. आपल्याकडचे साडेसातचे सामने तिथे सकाळी नऊला दिसतात. त्या वर्षी मुंबई इंडियन्स १४ पैकी १० सामने हरून अगदी तळाला गेले. म्हणजे सकाळी नाश्त्याला मुंबई हरायची आणि रात्री जेवणाला शिकागो. मुलगी म्हणाली, "आई, बाबा हल्ली बोलत नाहीत गं फारसे."

मग मे संपता संपता सॉक्सनी मुंबई इंडियन्सचं दुःख हलकं केलं. त्यांनी सलग १४ सामने हरून दाखवले. आयपीएलमध्ये एका संघाचे साखळी सामने जेवढे, तेवढे सगळेच्या सगळे. हे हळूहळू खुर्ची पुढे ओढून बसायला लागले.

त्या १४ मधला एक सामना मी विसरणार नाही. बाल्टिमोरच्या संघाविरुद्ध शेवटचा डाव, सॉक्स दोन धावांनी मागे, दोन गडी तळांवर उभे, एकच बाद. फलंदाजाने चेंडू उंच उडवला. त्यांच्यात एक नियम आहे, की अशा वेळी आतल्या मैदानात सोपा झेल उडाला तर तो हातात पडायच्या आधीच फलंदाज बाद. तो झाला बाद. तेवढ्यात पंचांनी दुसऱ्या तळाजवळच्या गड्यालाही बाद दिलं. का, तर तो क्षेत्ररक्षकाच्या वाटेत आला. एका चेंडूवर दोन बाद, सामना संपला. "म्हणजे तो उभा होता म्हणून आउट?" मी विचारलं. नातू म्हणाला, "आजी, आपला संघ आहे. आपण काहीही करून आउट होऊ शकतो." अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडी हे वैराग्य! आमच्याकडे गीता वाचून साठीनंतर येतं.

मैदानाचीही गंमत सांगायला हवी. मैदानाला तेव्हा गॅरंटीड रेट या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव होतं, आणि त्या कंपनीचं बोधचिन्ह म्हणजे खाली तोंड केलेला लाल बाण. व्याजाचे दर खाली, असं त्यांना म्हणायचं असावं. पण तो एवढाला बाण मैदानाच्या कपाळावर लावलेला. वास्तुशास्त्रावर माझा विश्वास नाही, तरीही मी जावयांना म्हटलं, "अहो, तो बाण आधी काढायला सांगा."

जुलैच्या दहा तारखेपासून पुढे ऑगस्टच्या पाच तारखेपर्यंत सॉक्स सलग २१ सामने हरले. सहा ऑगस्टला ओकलंडमध्ये एकदाचे जिंकले आणि आठ तारखेला व्यवस्थापक पेड्रो ग्रिफोल यांना नारळ दिला. एकवीस हरेपर्यंत माणूस खुर्चीवर. जिंकला आणि घरी गेला. हे बँकेत होते, बत्तीस वर्षं. ते म्हणाले, "ह्यात नवल काय? आमच्याकडेही असंच असायचं."

सप्टेंबर उजाडेपर्यंत एक नवीनच आकडा घरात फिरू लागला. १९६२ साली न्यूयॉर्क मेट्स हा नवाकोरा संघ एका मोसमात १२० सामने हरला होता. १९०१ नंतरच्या काळात एवढं कुणीच हरलेलं नव्हतं. (त्याआधी, १८९९ मध्ये, क्लीव्हलँड स्पायडर्स १३४ हरले होते, पण ते जुन्या काळातलं, धरत नाहीत.) सॉक्स मेट्सना मागे टाकणार, अशी चिन्हं दिसू लागली. आता आम्ही मराठी माणसं. पराभव म्हटला की आमचा ऊर भरून येतो. पानिपतावर आम्ही जेवढं वाचलंय तेवढं एखाद्या विजयावर वाचलं असेल का? ह्यांनी वहीत तारखा मांडायला सुरुवात केली.

बावीस सप्टेंबरला सॅन दिएगोत १२० पूर्ण झाले. चोवीस तारखेला मंगळवारी सॉक्स घरच्या मैदानावर, समोर लॉस एंजेलिस एंजल्स. इतिहास घडणार होता आणि आमची परतीची तिकिटं त्यानंतरची होती. जावयांनी पाच तिकिटं काढली. मी थालीपिठं केली होती, पण आत नेताना कोण काय विचारेल म्हणून गाडीतच संपवली. आत त्या वर्षी कॅम्पफायर मिल्कशेक नावाचा एक प्रकार फार गाजत होता. बिस्किटं, मार्शमॅलो, चॉकलेट. संघापेक्षा त्याचंच नाव जास्त.

सतरा हजारांवर माणूस आलं होतं. सगळे एकाच इच्छेने. मालक जेरी राइन्सडॉर्फ यांच्या नावाने "संघ विका" असा घोष चाललेला. हे गृहस्थ मायकल जॉर्डनच्या बुल्स या बास्केटबॉल संघाचेही मालक. एका हाताने सहा विजेतेपदं आणि दुसऱ्या हाताने हे! सातव्या डावाअखेर सॉक्स दोन धावांनी मागे. नातवाने माहिती पुरवली, की ह्या मोसमात सातव्या डावाअखेर मागे असताना सॉक्स एकदाही जिंकलेले नाहीत. ह्यांनी समाधानाने मफलर सारखा केला.

आणि आठव्या डावात त्या लोकांनी तीन धावा काढल्या.

सामना ३-२ असा जिंकला. आमच्या मागचा एक मनुष्य, अंगात सॉक्सचाच सदरा, आपल्याच संघाला "बू" करत होता. मी इतकी चिडले, म्हटलं, सहा महिने तुमच्यापायी मालिका सोडल्या, आणि एक दिवस तुमच्याकडून हार मागितली तर ती देववेना? ज्यात तुम्ही तरबेज आहात तेवढंच मागितलं होतं. हे म्हणाले, "उद्या येऊ." दुसऱ्या दिवशी जादा डावात जिंकले. तिसऱ्या दिवशी ७-०! ह्यांनी वही मिटली.

शेवटी शुक्रवारी, २७ तारखेला, डेट्रॉइटला जाऊन ते १२१ वा सामना हरले. आम्ही टीव्हीवर पाहिला. हरल्याबरोबर मैदानात केवढा जल्लोष! मिठ्या, उड्या. मला वाटलं, विक्रमाचा सत्कार चाललाय. नातू म्हणाला, "आजी, तसं नाही. ह्या विजयाने डेट्रॉइट दहा वर्षांनी बाद फेरीत गेलं." एवढा मोठा ऐतिहासिक पराभव, आणि तोही दुसऱ्याच्या बारशात पार पडला. मग उरलेले दोन सामनेही सॉक्सनी जिंकले. म्हणजे शेवटच्या सहापैकी पाच. ह्यांचं मत असं, की मोसम २०० सामन्यांचा असता तर पोरं सावरली असती.

पुढच्या वर्षी मे महिन्यात शिकागोत जन्मलेले गृहस्थ पोप झाले. लिओ चौदावे. ते सॉक्सचे पाठीराखे, २००५ मध्ये संघ जगज्जेता झाला तेव्हा अंतिम लढतीला मैदानात हजर होते, अशी बातमी आली. जावयांनी डोंबिवलीला फोन केला, आवाज भरून आलेला. "आई, आता काळजी नाही. आपला माणूस थेट वर पोचलाय."

त्या मोसमात सॉक्स १०२ सामने हरले. जावई म्हणतात, गुण आला.