आपल्याला झोप नसते

ट्रक ड्रायव्हरला रात्री झोप येते ही अफवा कुणी उठवली माहीत नाही, पण ती दडपण्यात माझा मोठा वाटा आहे. लग्नात, मर्तिकात, पारावर कुणी विचारलं, "रातभर गाडी हाणतोस, डोळा लागत न्हाई व्हय?" की मी लगेच उत्तर देत नाही. आधी लांब कुठंतरी बघतो. मग म्हणतो, "आपल्याला झोप नसते." एवढं बोलून मिशीवरून हात फिरवायचा. मला मिशी नाही, तरी फिरवतो.

मी बी.ए. मराठी आहे, द्वितीय श्रेणी. या पदवीचा गाडीवर उपयोग काय, असं लोक विचारतात. वाळवा तालुक्यातले टोमॅटो आणि ढोबळी मिरची घेऊन वाशी मार्केटला निघालेल्या माणसाला संतसाहित्य किती कामाला येतं, हे शेजारच्या सीटवर बसल्याशिवाय कळायचं नाही. खंबाटकीच्या बोगद्यात पुढच्या कंटेनरचे लाल दिवे अचानक पेटले की नामस्मरण आपोआप सुरू होतं, आणि बोगद्याबाहेरचं ते एसच्या आकाराचं वळण संपेपर्यंत थांबत नाही.

संध्याकाळी क्रेट भरायचे, ताडपत्री आवळायची, पेठ नाक्यावरून चार नंबरला लागायचं. (सरकारनं त्या हायवेचा नंबर बदलून 48 केला. ड्रायव्हर मंडळींनी अजून मंजुरी दिलेली नाही.) पहाटे बाजार सुरू व्हायच्या आत वाशी गाठायची. जीएसटीच्या ई-वे बिलाला 200 किलोमीटरमागे 1 दिवसाची मुदत मिळते. कागद आहे, दमत असेल. ताज्या भाजीला ते बिल लागतच नाही, म्हणून आमची ती सवलतही गेली. तीनशेच्या वर किलोमीटर, एक रात्र, आणि खाली उतरवताना व्यापारी टोमॅटो दाबून बघणार. ड्रायव्हरला कुणी दाबून बघत नाही, हे एक बरं आहे.

शिरवळच्या अलीकडं धाब्यावर चहाला टेकलं की न झोपण्याची खुली स्पर्धा भरते. एक जण कोल्हापूर ते सुरत डोळा न मिटता गेलेला असतो. दुसरा लगेच चेन्नई काढतो. तिसऱ्यानं सांगितलेल्या गावाचं नाव आम्ही कुणी ऐकलेलं नसतं, त्यामुळं त्याला अंतर मोजायची भीती नसते. मी आपला नंबर आला की नुसतं हसतो. त्यामुळं माझा आकडा सगळ्यांत मोठा ठरतो. मागं एकदा कोपऱ्यात एक वयस्कर उस्ताद होते. एवढा गलका चालू असून ते एक शब्द बोलेनात. "तुमचं काय उस्ताद?" म्हणून वळून बघितलं, तर ते खाटेवर गाढ झोपलेले. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडं तुच्छतेनं बघितलं. आणि मग बराच वेळ नुसतंच बघत राहिलो.

न येणाऱ्या झोपेवर आमच्याकडं उपाय मात्र पुष्कळ आहेत. मानेवर ओला टॉवेल, खिशात फुटाणे, अगदीच वेळ आली तर हिरवी मिरची. मी शिवाय गातो. माझा आवाज चांगला आहे, असं माझं मत आहे. क्लीनर होता तोवर ते दोन माणसांचं एकमत होतं. त्याचा पगार माझ्या हातून जायचा.

इथं थोडं दिव्यांच्या भाषेबद्दल सांगितलं पाहिजे. थोडं म्हणतो खरा, पण या विषयावर मी थांबत नाही, अशी घरची तक्रार आहे. ताटात भाकरी गार होते आणि मी इंडिकेटरवरच असतो.

समोरून येणाऱ्यानं एकदा डिपर मारला, तर त्याचा अर्थ 'थांब, आधी मी'. तोच डिपर चौकात मारला, तर 'जा बाबा, मी थांबलोय'. दोन्हींतला फरक मारणाऱ्याच्या मनात असतो. तीनचारदा फटाफट मारला, तर पुढं वळणावर साहेब उभे आहेत. भर दुपारी मारला, तर तुझे हेडलाइट चालू राहिलेत, बॅटरी तुझ्या सासऱ्याची नाही. हे झालं प्राथमिक. माध्यमिक शिक्षण इंडिकेटरपासून सुरू होतं.

दुपदरी रस्त्यावर पुढच्या गाडीनं उजवा इंडिकेटर दिला. पहिला अर्थ, मी उजवीकडं वळतोय. हा पुस्तकी अर्थ, लायसनच्या परीक्षेपुरता. दुसरा अर्थ, रस्ता मोकळा आहे, काढ गाडी. तिसरा अर्थ, समोरून गाडी येतीय, काढू नकोस, मरशील. चौथा अर्थ, हा इंडिकेटर कराडला लावला होता, बंद करायचा राहिलाय. एका दिव्याचे चार अर्थ, त्यांतले दोन एकमेकांच्या विरुद्ध, आणि ठरवायला वेळ किती, तर तो दिवा चारदा लुकलुकेपर्यंत. आमच्या कॉलेजात श्लेष ओळखता आला नाही तर दोन मार्क जायचे. इथं बंपर जातो.

मी स्वतः डाव्या संप्रदायातला. जागा असली की डावा देतो, म्हणजे मी डावीकडं सरकतोय, तू जा. उजव्या संप्रदायाशी माझे धाब्यावर कडाक्याचे वाद झालेत. पण दोन्ही संप्रदायांना न जुमानणारा एक तिसरा पंथ आहे: चारही दिवे एकदम लावणारा. पुस्तकात त्याचा अर्थ गाडी बंद पडलीय. रस्त्यावर त्याचा अर्थ मी चौकातून सरळ जाणार आहे. जणू सरळ जाणं हा काही खास प्रसंग आहे. पावसात अर्थ होतो, मी भिजतोय. बोगद्यात अर्थ होतो, मला भीती वाटते.

दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण काढलं. दिव्यांचं व्याकरण मी लिहिणार, असं मी जाहीर करून ठेवलंय. प्रस्तावना तयार आहे. तीत माझ्याबद्दल बरंच आलंय.

सरकारला आमचं वाङ्मय खपत नाही, हे वेगळं. 2015 साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं गाडीमागं 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी घातली. कारण काय, तर लोक ते वाचतात आणि हॉर्न वाजवतात. वाचकांनी लिहिलेलं इतकं मनावर घेतल्याचं उदाहरण मराठी साहित्यात मला दुसरं आठवत नाही.

एक खूण मात्र अशी आहे, की तिच्यावरून वाद होत नाही. रात्री तुम्ही एका लांब गाडीला मागं टाकताय. तुमचं तोंड पुढं गेलं, पण शेपूट कुठं आहे ते अंधारात तुम्हाला दिसत नाही. डावीकडं घ्यावी तर घासेल, न घ्यावी तर मागून बसवाला बोंबलतोय. अशा वेळी ज्याला तुम्ही मागं टाकलंत, तोच दिवा एकदा मारतो. निघालास तू, ये आत. तुम्ही आत येता, डावा-उजवा एकेकदा लुकलुकवून त्याला रामराम करता, संपलं. त्याचं तोंड बघितलेलं नसतं. नंबर बहुतेक कर्नाटकचा असतो, आणि सीमाप्रश्नावर त्याचं मत काय, हे विचारायची वेळ आलेली नसते.

हे शेपूट बघायचं काम खरं क्लीनरचं. डावी बाजू त्याची. दारावर दोन थापा म्हणजे चला, मागं घेताना "यिऊ द्या, यिऊ द्या", घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकाला दगड. आणि मुख्य काम म्हणजे रात्रभर बोलणं. आमच्या क्लीनरकडं त्याच्या गावच्या एका शर्यतीच्या बैलाची हकिगत होती. ती कासेगावला सुरू व्हायची आणि कळंबोलीपर्यंत पुरायची. मग मालकांनी खर्च बघितला, क्लीनर कमी केला आणि कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याचं तोंड माझ्याकडं आहे. डावी बाजू अजून अंधारातच. त्या बैलाचं पुढं काय झालं, तेही मला कळलेलं नाही.

रात्री दोन ते पाचच्या दरम्यान माणसाचं शरीर मालकाचं ऐकत नाही. मालक दुसरा असो की आपण स्वतः. पापणी मिटते आणि मिटली होती हे उघडल्यावर कळतं. ताशी 60 च्या वेगात 3 सेकंद डोळा लागला, तर गाडी 50 मीटर एकटीच गेलेली असते. असं माझ्या बाबतीत होत नाही. ओळखीच्या ड्रायव्हरांच्या बाबतीत होतं. त्यांना विचारलं, तर तेही त्यांच्या ओळखीच्या ड्रायव्हरांची नावं सांगतात.

याच वेळेला आमची गाडी नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडते, आणि तिथून नवले पुलापर्यंत नुसता उतार. वाटेत गाडीचं ॲव्हरेज कमी पडलेलं असतं, मालक सकाळी डिझेलचा हिशेब विचारणार असतात, आणि उतार म्हणत असतो, न्यूट्रल कर, फुकट जातोयस. गिअर काढला की इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. सगळं वजन ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात, परत परत दाबून टाकीतली हवा उतरत जाते. मग पेपरात एक ओळ येते: 'चालकाचे नियंत्रण सुटले'. ते कुठून सुटत आलं होतं, कोणत्या गोदामाच्या दारात, किती तास, हे बातमीत मावत नाही.

1961 सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला 8 तास काम, आठवड्याला 48, आणि 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं स्वच्छ लिहिलं होतं. पण तो लागू कुणाला होता, तर 5 किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आमच्या मालकांच्या गाड्या 2. म्हणजे कायद्यानं बघितलं तरी आपल्याला झोप नसतेच. माथाडी कामगारांना अण्णासाहेब पाटील मिळाले, 1969 चा कायदा मिळाला. वाशीत माझ्या गाडीतला माल उतरवणाऱ्या माणसाला मंडळ आहे, हजेरी आहे. मी त्याचा हेवा करत नाही, त्यानं ते भांडून मिळवलंय. मी धाब्यावर चेन्नईच्या गोष्टी सांगत बसलो होतो.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. ही बातमी मी मालकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "एसीत ड्रायव्हर झोपतोय." ते स्वतः एसीत बसून बोलत होते आणि चांगले जागे होते. आमची गाडी जुनी, त्यामुळं चर्चा तिथंच मिटली.

परतीचं भाडं भिवंडीहून. तिथल्या एका गोदामाच्या गेटवर पाटी आहे: ड्रायव्हरांना आत प्रवेश नाही. शौचालय आत आहे. टोकन हातात देतात, आणि तुमचा नंबर दुपारी लागेल की उद्या, हे कुणी सांगत नाही. रांग पुढं सरकली आणि तुम्ही झोपलेले असलात, तर नंबर गेला. त्यामुळं रात्रीची झोप मारलेला माणूस तिथं दिवसाची झोप मारत बसतो.

घरी पहाटे तीनला बायको मिस्ड कॉल देते. उचलायचा नाही, नुसता वाजू द्यायचा, असं ठरलंय. त्यासाठी ती गजर लावते. मी मोठेपणानं म्हटलं, "कशाला उठतीस? आपल्याला झोप नसते." ती म्हणाली, "ते पावण्यास्नी सांगा. परवा जेवताना हातात घास घिऊन झोपला हुतासा." हे ती हळू आवाजात म्हणाली असती तर चाललं असतं. पावणे शेजारीच बसले होते.

तर वाचणाऱ्यांना एक विनंती. वाशीत, कळंबोलीत, कुठल्याही नाक्यावर दिवसा कडेला ट्रक उभा असेल आणि काचेवर आतून टॉवेल लावलेला दिसला, तर आत माणूस झोपलाय असं समजा. तुमची गाडी खरंच अडली असेल तर दार वाजवा. तो उठेल, काही न बोलता पुढं घेईल. नसेल अडली तर हॉर्न वाजवू नका. मागं काहीही लिहिलेलं असलं तरी.